सात महिने ध्यानाचं बाकडं वापरून: गुडघे शांत झाले, चुळबुळीचं काय ते सांगतो

मला कोणी 'जरा शांत बस' म्हटलं की अंगाला खाज सुटते. शाळेपासूनची खोड आहे. बसल्या बसल्या पाय हलवायचा, बोटं मोडायची, खुर्चीच्या कडेवर यायचं, पुन्हा मागे सरकायचं. असा माणूस ध्यानाला बसला की काय होणार ते उघड आहे. दोन वर्षं मांडी घालून, खुर्चीत, भिंतीला टेकून, सगळं करून झालं. शेवटी सात महिन्यांपूर्वी गुडघे टेकून बसायचं ते बुटकं लाकडी बाकडं घेतलं. रोज वीस मिनिटं, महिन्यातले पंचवीसेक दिवस, एवढा वापर झाल्यावर लिहितोय. पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: एक उतरती फळी आणि तिला दोन पाय, बस. वज्रासनात बसताना पोटऱ्यांवरून ते आडवं ठेवायचं आणि त्यावर टेकायचं. नडग्या फळीखालून मागे जातात, अंगाचा भार टाचांऐवजी फळीवर येतो. माझं मागच्या बाजूला 20 सेंटीमीटर उंच आहे, पुढे थोडं कमी. हा उतारच खरा कामाचा. मांड्यांचे सांधे आखडलेल्या माणसाने जमिनीवर मांडी घातली की गुडघे वर राहतात, कंबर मागे कलंडते आणि पोक निघतं. मग पाठ ताठ ठेवायला स्नायूंनी सतत ओढून धरावं लागतं. दहा मिनिटांत ते थकतात आणि आपण 'मन लागत नाही' म्हणून उठतो. फळी पुढे उतरती असली की गुडघे कमरेच्या खाली जातात, कंबर पुढे झुकते आणि पाठ ओढून न धरता उभी राहते. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन 'नात्युच्छ्रितं नातिनीचं' असावं असं म्हटलंय, फार उंच नको आणि फार सखल नको. पाठांतराच्या वयात हे नुसतं म्हणून टाकलं होतं. आता त्यातला एकेक सेंटीमीटर कळतो.

दुसरा फायदा मुंग्यांचा. मांडी घातल्यावर माझा डावा पाय हमखास बधीर व्हायचा. रक्त अडल्यामुळे असं होतं असा माझा समज होता, पण यात मोठा वाटा मज्जातंतूवरच्या दाबाचा असतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, एक मज्जातंतू हाडाला वळसा घालून अगदी कातडीजवळून जातो. तो दाबला गेला की पावलाचा पुढचा भाग काही वेळ उचलताच येत नाही. एकदा घंटा वाजल्याबरोबर मी तसाच उठलो, पाऊल जागेवरच मुडपलं आणि कपाटाला धडकलो. घोटा पंधरा दिवस सुजलेला होता. तेव्हा बसायला काहीही वापरा, बधीर पायावर उभं राहायचं नाही. आधी पाय पसरा, बोटं हलवा, मग उठा. बाकड्यावर मला मुंग्या आल्या त्या मोजून तीन-चार वेळा, त्याही फळीची कड पोटरीत रुतेल असं बसलो तेव्हा.

इथवर सगळं छान. गुडघे गप्प, कंबर गप्प, पाय जागेवर. पण चुळबुळ?

पहिल्या महिन्यात मी एक उद्योग केला. बैठक संपली की किती वेळा हललो ते आठवून वहीत रेघा मारायच्या. जाणूनबुजून केलेली हालचाल तेवढी धरायची: खाजवणं, मान मोडणं, सरकणं, डोळा किलकिला करून घड्याळ बघणं. वीस मिनिटांत तेरा-चौदा रेघा व्हायच्या. मांडी घालून बसत होतो तेव्हा प्रत्येक रेघेला सबब होती. पाय दुखला, पाठ भरली. आता पाय दुखत नव्हता आणि पाठही भरली नव्हती. तरी चौदा! बायको एकदा दारातून बघत होती. म्हणाली, "अहो, ध्यान चाललंय की कवायत?"

बाकड्याचा खरा उपयोग मला इथे झाला, आणि विकणाऱ्याने तो कुठे लिहिलेला नव्हता. शरीराची तक्रार किती आणि मनाची किती, याचा हिशेब वेगळा झाला. शरीराची बाजूला काढल्यावर उरली ती निव्वळ 'हलावंसं वाटणं'. तिला कारण लागत नाही. नवव्या मिनिटाच्या आसपास नाकाच्या डाव्या बाजूला खाज येते. आधी मुंगी चालल्यासारखी, मग सुई टोचल्यासारखी, मग वाटतं की आता नाही खाजवलं तर काहीतरी होईल. मी एकदा श्वास मोजले. सातव्या श्वासाला ती कळसाला पोहोचली, अकराव्याला निम्मी झाली आणि पंधराव्याला मी दुसऱ्याच कसल्यातरी विचारात होतो. खाज कधी गेली ते कळलंही नाही. पुढच्या दिवशी पुन्हा हजर, त्याच जागी. पण एकदा ती आपोआप जाताना पाहिली की तिचा दरारा कमी होतो.

हे करताना दात-ओठ खाऊन बसायचं नाही, हे मला उशिरा समजलं. दुसऱ्या महिन्यात मी 'हलायचंच नाही' असा पण केला होता. रेघा चारवर आल्या, पण उठल्यावर खांदे कानाला टेकलेले आणि जबडा दुखतोय. शिवाय घरात दिवसभर चिडचिड. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरांत अधिष्ठानाच्या तासभराच्या बैठका असतात, त्यात हात-पाय आणि डोळे न उघडता बसायचा निश्चय असतो. पण तिथे तोवर काही दिवस श्वासावरचा सराव झालेला असतो आणि दिवसभर दुसरं काम नसतं. घरी, कामावरून आल्या आल्या, त्याची नक्कल करण्यात अर्थ नव्हता. आता माझा नियम साधा आहे. हलावंसं वाटलं की तीन श्वास थांबायचं. तरीही वाटलं तर हलायचं, पण सावकाश, हात कुठून निघाला आणि कुठे पोहोचला ते बघत. निम्म्याहून जास्त वेळा तिसऱ्या श्वासापर्यंत गरजच उरत नाही.

योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्ताच्या विक्षेपांसोबत, म्हणजे मन विचलित करणाऱ्या अडथळ्यांसोबत, येणाऱ्या गोष्टी दिल्या आहेत: दुःख, दौर्मनस्य (मनाची खिन्नता), अंगमेजयत्व आणि बिघडलेले श्वास-प्रश्वास. अंगमेजयत्व म्हणजे अंगाची थरथर, अस्थिरता. ते वाचून मला जरा हायसं वाटलं. एवढ्या जुन्या यादीत आपला आजार नावानिशी आहे म्हणजे आपण काही जगावेगळे नाही. आणि अलीकडचंही एक सांगण्यासारखं आहे. 2014 साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात लोकांना 15 मिनिटं एकटंच विचार करत बसवलं होतं. सोबतीला फक्त स्वतःला विजेचा झटका देणारं एक बटण. 18 पुरुषांपैकी 12 जणांनी ते निदान एकदा दाबलं, 24 स्त्रियांपैकी 6 जणींनी. हा झटका टाळायला आम्ही पैसे देऊ, असं आधी सांगितलेली माणसं होती ती. माझ्यासमोर बटण नव्हतं. फोन होता.

तर फोन. सुरुवातीला ध्यानाचं एक ॲप वापरायचो. घंटा चांगली होती, पण ते 'सलग दिवस' मोजायचं आणि त्या आकड्याचीच मला धाकधूक लागली. एकसष्टाव्या दिवशी ताप आला, आकडा शून्य झाला आणि मी खरंच दोन दिवस खट्टू होतो. ॲप काढून टाकलं. आता साधा गजर लावतो आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो. घड्याळ नजरेच्या टप्प्यात नसल्यावर डोळा किलकिला करण्याच्या रेघा आपसूक गेल्या.

यानंतर जे लिहितोय त्याचा बाकड्याशी थेट संबंध नाही, पण ते वगळलं तर अनुभव अर्धवट राहील. चौथ्या महिन्यात रेघा पाच-सहावर स्थिरावल्या होत्या आणि मधेच एक आठवडा असा आला की मी बूडच टेकवू शकेना. तीन मिनिटं, की उठ. चार मिनिटं, की उठ. फळीवर घडी घालून चादर टाकली, उंची बदलून बघितली, खोली बदलली. गुरुवारी बसलो असताना उगाच ऑफिसातली एक बैठक डोळ्यांसमोर आली. एक काम माझ्याकडून रखडलं होतं आणि सगळ्यांसमोर मी ते खुबीने एका कनिष्ठ सहकाऱ्याच्या खात्यावर टाकलं होतं. खोटं काही बोललो नव्हतो, फक्त वाक्य असं रचलं होतं की दोष तिकडे जावा. तो मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत राहिला होता. आता त्याचं ते लिहिणं मला दिसलं आणि पोटात कालवाकालव झाली. पाय हलवायला निमित्त नव्हतं, तरी दोन्ही पाय उठायला बघत होते.

बौद्ध परंपरेत ध्यानाच्या आड येणारी पाच नीवरणं सांगतात. त्यातलं एक 'उद्धच्च-कुक्कुच्च' असं जोडनाव आहे. उद्धच्च म्हणजे चंचलता, कुक्कुच्च म्हणजे केल्या-न केल्याची रुखरुख. ही दोन एका जोडीत का घातली असतील, हे मी बरीच वर्षं फक्त वाचत होतो. त्या दिवशी बाराव्या मिनिटाला उठलो, गजर बंद केला आणि त्या मुलाला मेसेज लिहिला. दुसऱ्या दिवशी साहेबांनाही सांगितलं. मुलगा म्हणाला, "सर, जाऊ द्या हो." जाऊ दिलेलं नव्हतं त्याने, ते दिसत होतं. शुक्रवारी वीस मिनिटं बसलो. रेघा सात.

सगळीच अस्वस्थता अशी खोल नसते, हेही तितकंच खरं. कधी नुसतं दिवसभर बसून अंग आंबलेलं असतं. त्यासाठी बसण्याआधी दहा मिनिटं सावकाश चालणं हा उपाय बाकड्याहून भारी निघाला, हे मला जरा नाइलाजानेच कबूल करावं लागतंय. बौद्ध भिक्खूंमध्ये चंक्रमण आहे, झेन या जपानी बौद्ध पंथात दोन बैठकांच्या मधे चालतात. दोन्हीकडे चालणं हा ध्यानाचाच भाग. मी खोलीतल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत चालतो, टाच टेकली, पाऊल टेकलं, एवढंच बघत. आणि संध्याकाळी-रात्री पायांत वळवळ सुटून ते हलवल्याशिवाय चैनच पडत नसेल, किंवा एखादं नवं औषध सुरू केल्यापासून बसवत नसेल, तर ते ध्यानाचं दुखणं समजून रेटू नका. डॉक्टरांना दाखवा. पहिल्याच्या मागे कधी कधी शरीरातलं लोह कमी असणं निघतं, आणि काही औषधांमुळे माणसाला खरोखरच एका जागी बसवत नाही.

वस्तूचे दोष थोडक्यात. तिसऱ्या महिन्यात बिजागरी कुरकुरायला लागली. श्वास घेतला तरी 'कुर्र'. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला, थांबली. पायांखालचं फेल्ट दोनदा सुटलं. घडी होणारे पाय चुंबकावर आहेत, त्यामुळे बाकडं उचलताना एखादा पाय अचानक मिटतो आणि बोट सापडतं. उघड्या फरशीवर घोट्यांना आणि पावलांच्या वरच्या बाजूला त्रास होतो, खाली जाड काहीतरी हवंच. ते सोबत येत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी किंवा गुडघा पूर्ण दुमडत नाही अशांनी या वाटेला जाऊ नये. सरळ पाठीची खुर्ची घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

तारे द्यायचे तर बाकड्याला चार. आज वीस मिनिटांत माझ्या तीन-चार रेघा होतात, पण त्यातल्या किती बाकड्याने कमी केल्या म्हणाल, तर पहिल्या थोड्याच.

घ्यायचंच असेल तर आधी उंची तपासा. जाड पुस्तकांच्या दोन चळती करा, त्यांवर आडवी फळी ठेवा, खाली पाय घालून आठवडाभर बसून बघा. पाठ मागे कलत असेल तर एक पुस्तक वाढवा, गुडघ्यांवर भार येत असेल तर एक काढा. मी हे न करता फोटो बघून घेतलं आणि पहिलं बाकडं परत पाठवावं लागलं. ते तीन सेंटीमीटर बुटकं होतं.