व्हीसीआर-डीव्हीडी रेकॉर्डर : आठ महिन्यांचा वापर आणि एक अडलेला अंतरपाट

माझ्या ताईचे लग्न १९९१ मध्ये झाले. त्या लग्नाच्या कॅसेटमध्ये एक्केचाळिसाव्या मिनिटाला शेवटचे मंगलाष्टक संपत येते, भटजी हात वर करतात आणि अंतरपाट दूर होणार, नेमक्या त्या क्षणी माझ्या यंत्राच्या पडद्यावर ‘हे चित्रण संरक्षित असल्यामुळे त्याची नक्कल करता येणार नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ उमटते आणि रेकॉर्डिंग थांबते. हा प्रकार मी चौदा वेळा पाहिला आहे. या यंत्राविषयी लिहायचे मी बरेच दिवस मनात ठेवले होते. चौदाव्या वेळेनंतर मात्र लिहायला बसलो.

यंत्र म्हणजे एकाच पेटीत डावीकडे व्हीएचएस कॅसेट आणि उजवीकडे डीव्हीडी घेणारा रेकॉर्डर. ज्यांच्या माळ्यावर कॅसेटी पडून आहेत त्यांना तो कशासाठी असतो हे वेगळे सांगायला नको. नवीन मिळण्याचा प्रश्नच नाही, कारण व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या, जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे बंद केले आणि त्यानंतर बाजारात उरला तो केवळ जुना माल. मी हे यंत्र पुण्यात एका गृहस्थांकडून ६५०० रुपयांना घेतले. त्याआधी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून ७०० रुपयांचे यूएसबी कॅप्चर उपकरण आणले होते. व्हीसीआरच्या पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल वायरी त्यात खोचायच्या आणि दुसरे टोक संगणकाला लावायचे, एवढेच त्याचे काम. ते दोन आठवड्यांत कंटाळून ड्रॉवरमध्ये टाकले, कारण जुन्या टेपचा संकेत डळमळला की ते मधल्या चौकटी गाळत असे आणि आवाज मात्र आपल्या गतीने पुढे जात असे. तासाभराच्या चित्रणाच्या शेवटी ओठ आणि शब्द यांच्यात दीड सेकंदाचे अंतर पडलेले असे आणि माझे आजोबा दाक्षिणात्य चित्रपट मराठीत डब केल्यासारखे बोलत असत.

या रेकॉर्डरमध्ये तो दोष नाही, आणि पहिल्या महिन्यात मी त्यावरच खूश होतो. चित्र आणि आवाज एकाच यंत्रात एकाच वेळी अंकात बदलत असल्यामुळे अडीच तासांच्या कॅसेटच्या अखेरीसही ओठ जुळलेले राहतात. डिस्कचा खर्च वाचवण्यासाठी मी पाच डीव्हीडी-आरडब्ल्यू घेतल्या : एक तास रेकॉर्ड करायचे, डिस्क फायनलाइझ करायची, म्हणजे इतर यंत्रांतही लागेल अशी पक्की करायची, फाइल संगणकावर उतरवायची आणि तीच डिस्क पुसून पुन्हा वापरायची. डिस्कवर एकच तास मावणारा, सर्वांत चांगल्या दर्जाचा एक्सपी मोड हा व्हीएचएससाठी चैनीचा वाटेल, कारण या टेपवर आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा असतो. परंतु जुन्या टेपवरची मुंग्यांसारखी खरखर चित्राचे संकोचन (कॉम्प्रेशन) करताना फार जागा खाते आणि चार तासांच्या मोडमध्ये तीच खरखर चौकोनी ठिगळे होऊन चेहऱ्यावर बसते. आजीच्या चेहऱ्यावर ठिगळे पाहण्यापेक्षा दर तासाला उठून डिस्क बदलणे मला परवडते.

आता पुन्हा त्या ओळीकडे. ती प्रथम दिसली तेव्हा मी यंत्राला शिव्या घातल्या. माझ्या बहिणीच्या लग्नाचे चित्रण माझ्याच वडिलांनी पैसे मोजून करून घेतलेले, त्याची चोरी मी कोणाकडून करणार होतो? ज्या कंपनीचे यंत्र आहे तिच्या सेवा केंद्रात ते घेऊन गेलो, तर काउंटरवरच्या तरुणाने झाकण न उघडताच ‘हे मॉडेल आता सपोर्टमध्ये नाही’ असे सांगितले आणि टीव्ही घेण्याविषयी माहितीपत्रक हातात ठेवले. मी टीव्हीविषयी काहीही विचारले नव्हते. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा पावती मागण्यात आली. सोळा वर्षांपूर्वी दुसऱ्याच माणसाने घेतलेल्या यंत्राची पावती माझ्याकडे कोठून असणार, हे विचारल्यावर फोन बंद झाला.

शेवटी आमच्या पेठेतले टीव्ही-दुरुस्तीवाले काका उपयोगी पडले. त्यांनी आधी झाकण काढले आणि मग उत्तर दिले, आणि त्यातून माझे मत पहिल्यांदा बदलले. विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या कॅसेटींची नक्कल होऊ नये म्हणून मॅक्रोव्हिजन नावाची युक्ती वापरली जात असे. टीव्हीच्या प्रत्येक चित्राच्या आधी काही रेषा अशा असतात की त्या पडद्यावर दिसत नाहीत; त्या रेषांमध्ये मुद्दाम तीव्र स्पंद भरले जात. टीव्ही त्यांच्याकडे दुर्लक्ष करी, पण नक्कल करणाऱ्या व्हीसीआरचे उजेड आपोआप सांभाळणारे मंडल त्यांनी फसत असे आणि नकलेत चित्र आलटूनपालटून काळे व फटफटीत होई. डीव्हीडी रेकॉर्डर फसत नाही. तो हे स्पंद ओळखतो आणि काम थांबवतो. घोटाळा असा की, ताणलेल्या किंवा मळलेल्या टेपवर त्याच न दिसणाऱ्या रेषांच्या जागी जी गडबड उमटते तीही त्याला स्पंदांसारखीच वाटते. ‘अहो साहेब, त्याला लग्न आणि सिनेमा यांतला फरक कळत नाही,’ काका म्हणाले, ‘आधी हेड साफ करू, मग भांडा.’

हेड साफ करणे ही करामत पाहण्यासारखी होती. व्हीसीआरमधला ड्रम मिनिटाला १५०० वेळा फिरतो आणि त्याच्या कडेला बसवलेली, टेप वाचणारी हेड्स नजरेस जेमतेम पडतील एवढी असतात. कापूस गुंडाळलेल्या काडीने खालीवर घासले तर ती तुटतात, म्हणून काकांनी स्पिरिटमध्ये भिजवलेला मऊ चामड्याचा तुकडा ड्रमला अलगद टेकवून ठेवला आणि ड्रम बोटाने हळूहळू फिरवला. चामडे काळेकुट्ट निघाले. एक रबरी पट्टा आणि टेप पुढे ओढणारा पिंच रोलरही बदलला. एकूण ११०० रुपये झाले. त्यांच्या सांगण्यावरून मी प्रत्येक कॅसेट रेकॉर्डिंगपूर्वी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे गुंडाळू लागलो. त्यानंतर ती ओळ जवळजवळ नाहीशी झाली : पहिल्या महिन्यात आठ कॅसेटींपैकी सहा अडल्या होत्या, नंतरच्या पंधरांपैकी केवळ दोन. म्हणजे पहिल्या महिन्यात मी यंत्राला जो दोष दिला त्याचा बराचसा भाग मळाचा होता, हे मान्य करायला हवे.

मात्र अंतरपाट काही हटला नाही. त्याचे कारणही काकांनीच सांगितले. त्या काळी व्हिडिओवाले मूळ टेप स्वतःकडे ठेवत आणि घरच्यांना नक्कल देत. आमच्या नकलेत तर मंगलाष्टकांनंतर लगेच बदामाच्या आकारातून नवरानवरी उमलतात, म्हणजे तेवढा तुकडा व्हिडिओ-मिक्सरमधून आणखी एकदा फिरलेला आहे. नकलेची नक्कल होताना न दिसणाऱ्या रेषांचे हाल सर्वांत जास्त होतात. मी ट्रॅकिंग, म्हणजे हेड आणि टेप यांचा मेळ, हाताने सरकवून पाहिले, जुना व्हीसीआर बाहेरून जोडून पाहिला, रात्री यंत्र थंड असताना लावून पाहिले. ताई दर रविवारी फोन करून ‘अरे, पडदा हलला का?’ असे विचारी आणि पाठीमागून भाऊजींचे हसणे ऐकू येई.

पंधराव्या वेळी मी ड्रॉवरमधले ते ७०० रुपयांचे उपकरण काढले. त्याला संरक्षण, स्पंद, हक्क यांतले काहीच कळत नाही. जे येईल ते मुकाट्याने घेते. चाळिसाव्या मिनिटापासून तीन मिनिटांचा तुकडा त्यावर उतरवला. तीन मिनिटांत आवाज सरकून सरकून किती सरकणार? अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, बदाम उमलला, आणि तो तुकडा मी मधल्या जागी जोडून दिला. रेकॉर्डरचे मागचेपुढचे चित्र अधिक स्थिर आहे आणि मधली तीन मिनिटे थोडी थरथरतात, हे ताईच्या लक्षातही आलेले नाही. माझ्या मात्र प्रत्येक वेळी येते.

इतर गोष्टी थोडक्यात. अमेरिकेतल्या मावशीकडून आलेली कॅसेट एनटीएससी या तिकडच्या टीव्ही-पद्धतीची, म्हणजे ५२५ रेषांची आहे. यंत्र ती टीव्हीवर दाखवते, पण आपल्या ६२५ रेषांच्या पॅलमध्ये काम करणारा त्याचा रेकॉर्डर ती डिस्कवर घेत नाही. ती बाहेरून करून घ्यावी लागेल. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या कॅसेटवर पांढरी बुरशी आहे. तिचे पाच स्क्रू काढून आत पाहिले आणि पुन्हा बंद केली, कारण एकदा हेडला लागलेली बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला प्रसादासारखी वाटली जाते. आणि ज्याचा रिमोट हरवला आहे असे यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये. माझ्या मॉडेलमध्ये फायनलाइझ करण्याचा पर्याय केवळ रिमोटवरच्या मेनूतून उघडतो, आणि फायनलाइझ न केलेली डिस्क दुसऱ्या प्लेअरमध्ये लागत नाही.

हिशेब असा. दुकानात एका कॅसेटचे ४०० रुपये सांगितले होते. मावशीची सोडून २३ कॅसेटींचे ९२०० झाले असते. माझा खर्च : यंत्र ६५००, दुरुस्ती ११००, पाच डिस्क ४५० आणि ते यूएसबी उपकरण ७००, एकूण ८७५० रुपये. आठ महिन्यांच्या रविवारांत मी ४५० रुपये वाचवले. विजेचे बिल मुद्दाम धरलेले नाही.

वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकूंकडे मुंजीच्या, बारशाच्या आणि एका वास्तुशांतीच्या मिळून अकरा कॅसेटी आहेत असे नुकतेच कळले. दर २०० रुपये सांगितला आहे, हेड साफ करण्याचा खर्च निम्मा निम्मा. ती इंग्रजी ओळ आली तर पैसे परत मिळणार नाहीत, हेही आधीच सांगून ठेवले आहे.