‘रेकॉर्ड ऑफिसात आपला माणूस हाय’ म्हणणाऱ्याच्या हाती डिस्चार्ज बुक देऊ नका

घरात माजी सैनिक असतील आणि त्यांचं किंवा त्यांच्या पत्नीचं नाव फौजेच्या कागदांत एक, आधारवर दुसरं असेल, तर हे पूर्ण वाचा. नाव दुरुस्त करून देतो म्हणून पैसे आणि कागद उकळायचा धंदा आमच्या मेहकर तालुक्यात सध्या जोरात चालू आहे आणि आमचं घर त्यात २४,००० रुपयांना बुडालं आहे. पैशाहून मोठं नुकसान वेगळंच झालं, ते पुढे सांगतो.

बाबांचं नाव ‘ज्ञ’ने सुरू होतं. १९८४ साली भरती झाले तेव्हा नाव लिहिणारा क्लार्क हिंदी पट्ट्यातला. त्याने ऐकलं तसं ‘ग्या’ लिहिलं आणि इंग्रजी स्पेलिंग ‘जी’ने सुरू केलं. आधार, पॅन, सातबारा सगळीकडे मराठी वळणाने ‘डी’ आहे. आईचं तर नावच वेगळं. लग्नानंतर सासरी नाव बदललं, पण बाबांच्या युनिटने लग्नाची नोंद घेतली ती शाळेच्या दाखल्यावरून, म्हणजे माहेरच्या नावाने. बावीस वर्षं नोकरी झाली, हवालदार म्हणून घरी आले, पेन्शन सुरू झाली, कोणी काही विचारलं नाही. पेन्शन बँकेकडून ‘स्पर्श’वर गेली आणि मग हे सगळं वर आलं. स्पर्श म्हणजे प्रयागराजच्या द्रौपदी घाटावरून, रक्षा लेखा विभागाच्या पेन्शन कार्यालयातून चालणारी ऑनलाइन पद्धत. तिला आधार आणि रेकॉर्ड यांची नावं एक लागतात. बाबांना स्वतःपेक्षा आईची काळजी जास्त. ते गेल्यावर कुटुंब पेन्शन आईच्या नावाने निघायची, आणि कागदावरची बाई न् घरातली बाई वेगळी निघाली तर ती कोणाकोणाच्या दारात जाईल?

नाव सुधारून देतो म्हणणारा हा माणूस बाबांना बँकेबाहेर भेटला, पेन्शन काढायला म्हाताऱ्यांची गर्दी असते त्या दिवशी. गावात कोणताही फौजी घरी आला की सगळे त्याला ‘मेजर’ म्हणतात, मग तो शिपाई असो की सुभेदार. याने मात्र छातीवरचा रेजिमेंटचा बिल्ला पाहिला, हुद्दा विचारून घेतला आणि म्हणाला, “जय हिंद, हवालदार साहेब.” बाबा तिथंच अर्धे जिंकले गेले. बाकीचं काम त्याच्या बोलण्याने केलं. नाव बदलायला पार्ट टू ऑर्डर, म्हणजे बदलाची अधिकृत नोंद निघते, ती जवानांचे कागद सांभाळणारं रेकॉर्ड ऑफिस काढतं, तिथून प्रकरण प्रयागराजला जातं आणि मग कॉरिजेंडम पीपीओ, म्हणजे पेन्शन आदेशाची दुरुस्ती होते, असं त्याने धडाधड सांगितलं.

यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि ही भानगड समजून घेण्यासारखी आहे. पद्धत खरी, कार्यालयं खरी, फक्त त्या कार्यालयांशी याचा काही संबंध नाही. मी शंका काढली तेव्हा बाबा म्हणाले, “अरे, त्याले पार्ट टू ऑर्डर ठाऊक हाय, तो काऊन लबाड राहीन?” फौजेत आयुष्य गेलेल्या माणसाला फौजेची भाषा बोलणारा आपला वाटतो. हे लोक नेमकी तेवढीच भाषा पाठ करून येतात.

“साहेब, तुमाले काई कराचं काम नाई. कागद माह्याजवळ द्या, बाकी मी पाह्यतो. रेकॉर्ड ऑफिसात आपला माणूस हाय.” आधी ९,००० घेतले, प्रतिज्ञापत्र आणि पेपरातल्या जाहिरातीचे म्हणून. पावती दिली ती वहीतल्या कागदावर. मग आईच्या नावाचे वेगळे ७,०००. शेवटचे ८,००० दिवाळीच्या तोंडावर, ‘साहेबांची सही’ म्हणून. ते सोयाबीन विकून दिले. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण बाजारात तेवढा कोण देतो? दोन क्विंटलच्या आसपास माल या सहीत गेला.

शेवटच्या पैशांच्या बदल्यात त्याने एक रंगीत पत्र दिलं. ते माझ्यासमोर आहे, म्हणून नीट सांगतो. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, कोपऱ्यात चंदेरी होलोग्राम, साड्यांच्या दुकानातल्या टॅगवर असतो तसा. मथळा ‘पार्ट टू ऑर्डर’. मुळात पार्ट टू ऑर्डर ही कार्यालयाच्या आतली नोंद असते, होलोग्राम लावून घरी द्यायचं प्रमाणपत्र नव्हे. जवानाच्या आर्मी नंबरच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, बाबांच्या नंबरला ते आहे. पत्रात नुसते आकडेच होते. आणि तारीख २ ऑक्टोबर. गांधी जयंतीला कोणत्या सरकारी कार्यालयात बाबू सही करत बसला होता, हे त्या साहेबालाच ठाऊक!

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला केंद्रावर गेलो तेव्हा सगळं उघडं पडलं. नाव जुनंच. वर स्पर्शमध्ये बाबांच्या मोबाइल नंबरच्या जागी दुसराच नंबर. मधे एकदा त्याने फोन करून “साहेब, मेसेजमधला आकडा सांगा, फाइल पुढे सरकून राहिली” म्हणत ओटीपी घेतला होता, तो याच्यासाठी. नशीब, बँक खातं बदललेलं नव्हतं. त्याच दिवशी नंबर परत आमचा करून घेतला आणि पासवर्ड बदलला. रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टने पत्र टाकलं. उत्तर आलं, या नंबरच्या जवानाचा नाव दुरुस्तीचा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही.

त्याचा फोन आता लागत नाही. मूळ डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून निवृत्त होताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, त्याच्याकडेच आहे. ‘ओरिजिनलशिवाय व्हेरिफिकेशन होत नाही’ म्हणून घेऊन गेला होता. मोठं नुकसान म्हणतो ते हेच. त्या एका पुस्तकात बाबांची सगळी नोकरी आहे, हुद्दे, पदकं, आमची भावंडांची नावं. त्याजागी दुसरा कागद मिळवायचा तर आधी पोलिसांत नोंद, मग पुन्हा अर्ज. कुठल्याही दुरुस्तीसाठी मूळ पुस्तक कोणा एजंटाच्या पिशवीत टाकायचं नसतं. साक्षांकित झेरॉक्स जाते, मूळ लागलंच तर कार्यालयात स्वतः नेऊन दाखवायचं.

आता आम्ही सरळ मार्गाने जात आहोत. बुलडाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथं कळलं की अर्ज ज्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो. महारचं सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, गार्ड्सचं तर आपल्या नागपूरजवळ कामठीलाच आहे. प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, आधार, पॅन, पीपीओ आणि डिस्चार्ज बुकाच्या प्रती असं साधारण सोबत लागतं. नुसत्या स्पेलिंगला काय लागतं आणि पूर्ण वेगळ्या नावाला काय लागतं, हे आधी रेकॉर्ड ऑफिसलाच पत्राने विचारून घ्या. खर्च होतो तो जाहिरात, नोटरी, झेरॉक्स आणि टपालाचा. रेकॉर्ड ऑफिस नाव सुधारण्याची फी घेत नाही. बदल झाला की तो स्पर्शच्या लॉगिनमध्ये दिसतो. तिथं दिसत नसेल तर हातातल्या पत्राला कितीही होलोग्राम असू द्या.

पोलिसांत तक्रार दिली आहे. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. ओटीपी देऊन खात्यातून पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला फोन करा, इथं उशीर महागात पडतो. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, आम्हाला सांगितलेलं खरं होतं की नाही तेही पोलीसच शोधतील.

पण चौकशी केली तेव्हा आसपासच्या गावांतले आणखी फौजी आणि दोन वीरपत्नी निघाल्या, ज्यांनी याच माणसाला कागद दिले. एक जण म्हणतात, “जाऊ द्या, लोकं हासतीन.” हसू द्या. ज्यांच्याकडे त्याच्या हातची पावती, फोन-पेचा व्यवहार, व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाज, असं काहीही असेल त्यांनी ते पुसू नका. झेरॉक्स घ्या, व्यवहाराचं बँक स्टेटमेंट काढा आणि आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. आमच्या एकट्याच्या अर्जावर तपास सावकाश चालला आहे. पाच-सहा तक्रारी एकाच नंबराविरुद्ध आल्या तर ठाणेदारालाही फाइल बाजूला ठेवता येणार नाही.