आवाज दीड डेसिबल मोठा, किंमत पाचपट

बँजो पार्टीतल्या आणि ऑर्केस्ट्रातल्या पोरांनी हे वाचाच. लग्नसराईच्या तोंडावर सोलापुरात 'इंपोर्टेड प्रीअ‍ॅम्प' (वाद्याचा बारीक सिग्नल स्पीकरकडे जाण्याआधी वाढवणारा डबा) विकत एक माणूस फिरतोय. माझे साडेनऊ हजार त्याने नेले.

डेमो नव्या पेठेजवळच्या एका गाळ्यात. बँजो माझाच, स्पीकर त्याचा, टेबलावर दोन डबे: एक साधा, एकोणीसशेचा, दुसरा इंपोर्टेड. दोन्हींचे गेनचे, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा त्याचे, नॉब त्याने मला दाखवून बरोब्बर मध्यावर आणले. "बघा अण्णा, दोन्ही सारखे. नंतर म्हणू नका." आधी साधा वाजवला, मग गप्पा मारत सावकाश वायर बदलली. इंपोर्टेडवर तार खरोखरच बोलायला लागली. खर्ज भरलेला, वरचे सूर मोकळे.

खोट त्या नॉबमध्येच होती. नॉब एका जागी म्हणजे आवाज सारखा, असं अजिबात नसतं. आत गेन किती ठेवलाय ते बाहेरून कळत नाही. आणि आवाज एखाद-दीड डेसिबलने वाढला तर कानाला तो 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. या धंद्यात मुरलेल्याला हे पक्कं ठाऊक असतं.

सात रस्त्याकडचा माझा साउंडवाला दोस्त म्हणाला, "काय बे, कानावर कशाला? मीटर लाव की." साधा डबा माझ्या पार्टीत एकाकडे होताच. मोबाइलवरून ४०० हर्ट्‌झचा सूर दोन्हींत सोडला (स्वस्त मल्टिमीटर १००० हर्ट्‌झवर खरं सांगेलच असं नाही), एसी व्होल्ट मोजले. साधा ०.५० व्होल्ट, इंपोर्टेड ०.५९. म्हणजे जवळपास दीड डेसिबल. गेन फिरवून दोन्ही एका आकड्यावर आणले आणि पुतण्याला पडद्यामागे बसवलं. नाणं उडवायचं, पडेल तो डबा जोडायचा. १६ वेळांत निदान १२ बरोबर आले तर काही ऐकू येतं म्हणायचं. आमच्यातला कुणीच तिथवर पोचला नाही.

मग स्क्रू काढले. आठ पायांची आयसी (चिप), वरचा नंबर कानशीने घासलेला. बोर्ड हुबेहूब साध्या डब्याचाच; फक्त गेन ठरवणारा फीडबॅकचा रेझिस्टर १०० किलोओहमऐवजी १२० चा! सात हजार सहाशे जास्त घेतले ते या रेझिस्टरचे. बाजारात तो रुपया-दोन रुपयांना मिळतो.

प्रीअ‍ॅम्पमध्ये फरक नसतोच, असं मात्र मी म्हणत नाही. कॉइलचा पिकअप (तारेचं कंपन पकडून सिग्नल देणारा भाग) मिक्सरच्या १० किलोओहमच्या लाइन इनपुटला थेट लावा, वरचे सूर मरतात. १ मेगाओहमच्या इनपुटला लावा, परत येतात. हे डोळे बांधूनही ओळखू येतं. सुरसुर जास्त-कमी असते, तीही कळते. पण तो फरक पडद्याआडही टिकतो.

फोन केला तर म्हणाला, "पन्नास तास वाजवा, मग खुलतो." परतीची मुदत सात दिवसांची. सात दिवसांत पन्नास तास कोण वाजवतो? त्यानंतर फोन बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पावती कच्ची, त्यावर ना दुकानाचं नाव ना जीएसटी नंबर.

गड्ड्याच्या यात्रेआधी आता तो बार्शी-अक्कलकोटच्या पार्ट्यांना फोन करतोय, असं कळलं. डबा काळा आहे, मागचे स्क्रू चपट्या डोक्याचे. तो उघडायला नको म्हणतो, वॉरंटी जाते म्हणून.