सात महिने ओबीडी डोंगल: सेन्सर सुस्त नव्हता, डोंगल होता

ओबीडी डोंगल म्हणजे गाडीच्या तपासणी-पोर्टला लावून इंजिनचे आकडे मोबाइलवर दाखवणारी डबी. माझी कुठल्या कंपनीची ते सांगत बसत नाही; स्वस्तातले ब्लूटूथ डोंगल आतून सगळे भावंडंच. बघायचं होतं एकच, पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्याचा) आलेख.

इंजिन गरम, २५०० आरपीएम स्थिर, म्हणजे साधा झिर्कोनिया सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली व्हायला हवा. (वाइडबँड प्रकारचा सेन्सर असेल तर हा नाच शोधू नका, तिथं लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, १ च्या जवळ आहे का तेवढं बघा.) इथं आलेख पायऱ्यापायऱ्यांचा. गॅरेजचा निकाल तयारच: "सेन्सर सुस्त झालाय, बदलूया की." हजारोंची फोडणी! पण ॲपवर मी आठ काटे (आठ वेगवेगळे आकडे) लावले होते, आणि डोंगल एकेकाला पाळीनं विचारतो. सेन्सरची पाळी येईपर्यंत तो दोनदा वरखाली होऊन गेलेला. सात काटे काढले, फक्त बँक १ सेन्सर १ (हाच तो पुढचा) ठेवला, आणि तोच सेन्सर ठणठणीत. पहिल्या महिन्यात दोन तारे दिले असते, आता चार.

खरी परीक्षा चोर्ला घाटात. उताराला तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल तोडतो. व्होल्टेज शून्याजवळ बसलं पाहिजे. जोरात पाय दिला की झटकन ०.८ च्या आसपास. इथं रेंगाळला तर मग संशय घ्या. लॉग चालू ठेवा, स्क्रीन घाटाखाली केरीला उतरल्यावर बघा. वळणं कमी नाहीत.

फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) तर सेन्सरपेक्षा जास्त बोलतो. आयडलला +१५ आणि २५०० ला +३, तर व्हॅक्यूम पाइप फाटलाय. उलट चढावर वाढत गेला तर फिल्टर नाहीतर पंप. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर खोटंच 'लीन' (इंधन कमी) सांगतो आणि त्याचा पी०१७१ हा कोड येतो. ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मुळे ट्रिममध्ये ३-४ टक्के वाढ दिसली तर घाबरू नका. इथेनॉल जास्त म्हणजे इंधनही जास्त लागणार.

पी०१३५ (सेन्सरला गरम करणाऱ्या आतल्या हीटरचा कोड) आला तर आधी फ्यूज, मग खानापूरच्या पावसात भिजलेला कनेक्टर, मग हीटरच्या एकाच रंगाच्या दोन वायरींमध्ये मीटर. थंड असताना काही ओहम आले तर हीटर शाबूत.

पाचवा तारा बॅटरीनं खाल्ला. पोर्टच्या १६ नंबर पिनला चावी काढली तरी करंट असतो. डोंगल तसाच ठेवून आठवडाभर गाडी उभी राहिली की सेल्फ कण्हायला लागतो.