कन्स्ट्रक्ट लायब्ररी: चेकसम जुळला, बदल मात्र गायब

ऐन मे महिन्यात हिंगणा एमआयडीसीतल्या एका गोडाऊनमधून फोन आला, "भाऊ, पंप जुन्याच टायमिंगवर चालून राहिला!" मोठ्या कूलरच्या कंट्रोल बोर्डाची सेटिंग फाइल मी कन्स्ट्रक्टने (बायनरी फाइली वाचायची-लिहायची पायथन लायब्ररी) बदलून दिली होती. पंप किती मिनिटं चालू, किती मिनिटं बंद, एवढे दोनच आकडे. बोर्डाने फाइल विनातक्रार घेतली होती.

फाइल साधी आहे: मॅजिक बाइट (फाइलीची ओळख पटवणारा ठरलेला बाइट), लांबी, सेटिंग आणि शेवटी सीआरसी-३२, म्हणजे बाइट बिघडले नाहीत ना हे पडताळायचा चेकसम. चेकसमला कच्चे बाइट लागतात, म्हणून सेटिंगचा भाग लायब्ररीच्या रॉकॉपी नावाच्या आवरणात गुंडाळावा लागतो. पार्स केलं, म्हणजे फाइलीचे बाइट वाचून घेतले, की रॉकॉपी 'व्हॅल्यू'मध्ये वाचलेले आकडे देतो आणि 'डेटा'मध्ये मूळ बाइट. आपण व्हॅल्यूत ३ चे ८ करायचे आणि बिल्ड, म्हणजे परत बाइट लिही, म्हणायचं. हा बाप्पा आधी 'डेटा' आहे का ते बघतो, आणि असला तर तोच जसाच्या तसा लिहून मोकळा होतो. व्हॅल्यूकडे ढुंकूनही पाहत नाही. सीआरसीही त्याच जुन्या बाइटवरून निघतो, मग जुळणारच! जुन्या-नव्या दोन्ही फाइलींना बाइट-बाइट ताडून बघणारं सीएमपी लावलं, एका बाइटचा फरक नाही. मॅजिक चुकलं तर हीच लायब्ररी कॉन्स्टएरर देऊन बोंबलते, इथे मात्र साधी वॉर्निंगसुद्धा नाही.

उपाय एका ओळीचा आहे: बिल्डच्या आधी 'डेटा' पॉप करून, म्हणजे काढून, टाका. पण हे कळेपर्यंत हिंगण्याच्या फेऱ्यांचं पेट्रोल माझ्याच खिशातून गेलं ना.

त्या रागात याच कामाच्या दुसऱ्या साधनाकडे, काइताई स्ट्रक्टकडे, वळलो. वायएएमएलमध्ये (साध्या मजकुराच्या फाइलीत) फॉरमॅट एकदा लिहिला की जावा, सी++, पायथन, हव्या त्या भाषेत पार्सर मिळतो, आणि ब्राउझरमध्ये कोणता बाइट कशाचा तेही दिसतं. वाचायला झकास. पण बरीच वर्षं ते फक्त वाचण्यापुरतंच होतं. लिहिण्याची सोय ०.११ पासून आली, तीही जावा आणि पायथनपुरती, आणि त्यात लांब्या आणि ऑफसेट (कोणता भाग कुठून सुरू होतो) यांचा हिशोब आपणच ठेवायचा. कंपायलरला जावा लागतं ते वेगळंच.

म्हणून मुकाट्याने कन्स्ट्रक्टकडे परत आलो. आणि खरं सांगतो, नव्या बोर्डाच्या फाइलीत झोनची नावं कमी-जास्त लांबीची निघाली तेव्हा राग बराच उतरला. लांबीच्या फील्डला रीबिल्ड लावलं की नाव कितीही वाढवा, आकडा आपोआप बरोबर येतो. पिप इन्स्टॉल केलं की काम सुरू, लायसन्स एमआयटीचं, खर्च शून्य.

एकामागून एक रेकॉर्ड वाचत जाणाऱ्या ग्रीडीरेंजलाही हीच गप्प बसायची खोड. मधला एक रेकॉर्ड बिघडला की यादी तिथेच संपवतो आणि पुढचे चांगले रेकॉर्ड सोडून देतो. आता बिल्ड झालं की माझी स्क्रिप्ट तेच बाइट पुन्हा पार्स करते, आणि नवे आकडे दिसले नाहीत तर फाइल बाहेरच जात नाही.

पाचपैकी साडेतीन. रॉकॉपीपायी पूर्ण एक कापला, ग्रीडीरेंजपायी अर्धा.