पंखे की चिलर? ठाण्यातल्या रीफ टँकचा उन्हाळा

मार्च संपत आला की रीफवाल्यांच्या, म्हणजे घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ आणि मासे पाळणाऱ्यांच्या बोलण्यात एकच विषय: टँकचं पाणी गार कसं ठेवायचं, पंख्यांनी की चिलरने (पाणी थंड करायचं कॉम्प्रेसरवालं मशीन)? माझा टँक संपसकट (टँकला जोडलेली फिल्टरची टाकी) 200 लिटरचा. दोन उन्हाळे पंख्यांवर काढले, तिसऱ्याला चिलर घेतला. त्यावरून जे वाटलं ते लिहितोय. तुमच्या घरची हवा वेगळी असेल, तर हिशोबही वेगळा येईल.

आधी पंख्यांची बाजू, कारण त्यांना उगाच नावं ठेवतात. पाण्यावर वारा घालायला 12 व्होल्टचे कॉम्प्युटरचे दोन पंखे आणि तापमान बघून ते चालू-बंद करणारा एक कंट्रोलर, झालं. लाईट गेली तरी बॅटरीवर चालत राहतात. चिलरचा कॉम्प्रेसर माझ्या घरच्या इन्व्हर्टरला झेपत नाही. पुण्यात राहत असाल, तर मी चिलरचं नावसुद्धा काढणार नाही. माझ्या मामेभावाचा टँक तिथे एप्रिलच्या 38 अंशांतही पंख्यावर 26 ला असतो. उलट कंट्रोलर नसेल तर रात्री जास्तच गार होतो.

ठाण्यात ही जादू चालत नाही. पंखा गारवा देतो तो पाण्याची वाफ करून, आणि इथली हवा आधीच ओलीचिंब. मे महिन्यात 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असली की वेट बल्ब, म्हणजे नुसत्या बाष्पीभवनाने पाणी जितकं गार होऊ शकतं ते तापमान, 28 च्या आसपास असतो. त्याच्या खाली पंखा पाणी नेऊच शकत नाही, दहा लावा नाहीतर वीस. माझा टँक दुपारी 29 दाखवायचा. तेही मी चालवून घेतलं असतं. एक्रोपोरासारखे नाजूक प्रवाळ माझ्याकडे नव्हतेच, आणि हॅमर कोरल हे माझं प्रवाळ कुरकुर करत का होईना तगून होतं.

मला नको झालं ते पाणी भरणं. रोज तीन लिटर पाणी उडायचं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून तेवढं आरओचं पाणी रोज घालायचं. त्या तीन लिटरसाठी आरओ त्याच्या तिप्पट पाणी मोरीत सोडतो, आणि नेमकी तेव्हाच सोसायटीत पाणीकपात. त्यात एका मे महिन्यात लग्नासाठी सहा दिवस गावी गेलो. शेजारच्या काकूंना सांगून गेलो, ‘पांढऱ्या कॅनमधलं पाणी रेघेपर्यंत भरा.’ पांढरे कॅन दोन होते. एकात आरओ, दुसऱ्यात पाणी बदलायला कालवून ठेवलेलं खारं पाणी. काकूंनी इमानेइतबारे भरलं, खाऱ्या कॅनमधून. परत आलो तर रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्याचा खारेपणा मोजायचं यंत्र) 35 च्या जागी 38, आणि हॅमर आक्रसून नुसता सांगाडा दिसत होता. काकूंची काय चूक? लेबल मीच लावलं नव्हतं. पण चिलर घ्यायचं त्याच रात्री ठरलं.

ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) लावून हे टळलं असतं, असं कोणी म्हणेल. मान्य. पण त्याची टाकीही भरावीच लागते, आणि पाणी 29 चं 26 होत नाही ते नाहीच.

चिलरचाही जाच आहे. पाण्यातली उष्णता तो खोलीत ओततो. हॉलमध्ये ठेवला तेव्हा आई म्हणाली, ‘माशांना एसी आणि आम्हाला भट्टी!’ आता तो ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी असतो, पाईपवर फोम गुंडाळलाय. मे महिन्याचं बिल सहा-सातशेनं वाढतं. जाळीतली धूळ महिन्याला ब्रशने काढावी लागते. पण 26 वर ठेवला की 26 ते 27 मध्येच राहतो आणि पाणी दिवसाला जेमतेम लिटरभर उडतं.

घेतलात तर एकच करा, कंट्रोलरचा प्रोब (तापमान मोजणारं वायरचं टोक) झिप टायने संपमध्ये घट्ट बांधा. माझा एकदा निसटून बाहेर लोंबकळला, त्याला खोलीतले 33 अंश दिसत राहिले आणि चिलर रात्रभर चालला. सकाळी साधा काचेचा थर्मामीटर बुडवून पाहिला, 22! तेव्हापासून तो पन्नास रुपयांचा थर्मामीटर काचेला चिकटवलेलाच आहे. पंखेही हूडवर (टँकच्या झाकणावर) ठेवलेत, लाईट जाते तेव्हासाठी.