बोडीला बांधीव तरंगा, धरणाला सरकता

गरी (गळाचा आकडा) मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या, पाळीवर बसून टाकणार की गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात, हे आधी ठरवा. काठी, रील आणि पाण्यावर तरंगून मासा लागल्याचं दाखवणारा तरंगा, यांचा विचार त्यानंतर. आधी रॉड घेऊन येणारे खूप भेटतात, आणि वर्षभराने तो रॉड आढ्याला टांगलेला दिसतो.

बांधीव तरंगा म्हणजे तंगुसाला (नायलॉनच्या दोरीला) एकाच जागी पक्का केलेला. दहा-बारा फुटांचा बांबू, जवळपास तेवढाच तंगूस, ज्वारीच्या धांड्याचा बोटभर तुकडा, थोडं शिसं आणि गरी. गरी-तंगूस सोडलं तर खर्च नाहीच. बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, पाणी कमरेएवढं, काठाला कमळ नि शिंगाड्याचे वेल. तिथे लांब फेकून काही मिळत नाही. वेलांमधल्या ताटाएवढ्या मोकळ्या पाण्यात गरी अलगद सोडायची असते, आणि ते बांबूनेच जमतं.

खरं कसब शिसं लावण्यात आहे. तरंग्याचं नुसतं टोक वर राहील इतकं लावा. तो जास्त उघडा राहिला, तर ओढताना माशाला भार लागतो आणि तो चारा सोडून देतो. टोक नुसतं थरथरलं तर बहुधा तिलापिया किंवा बारीक मासे, थांबा. रोहू तरंगा तिरका ओढत नेतो. मृगळाचं वेगळं. तो तळाशी चरतो. शिसं गरीजवळ तळाला टेकलेलं असेल, तर त्याने चारा उचलताच तरंग्यावरचा भार जातो आणि तरंगा वर येऊन आडवा पडतो. झटका तेव्हाच द्यायचा. नवखा तो बुडायची वाट पाहतो, तोवर मृगळ गेलेला असतो.

बांधीव तरंगा खोल पाण्यात मात्र हरतो. सात फुटी रॉडवर तो दहा फुटांवर बांधला, तर टोकाच्या कडीशी येऊन अडतो. फेकताही येत नाही, मासा काठालाही येत नाही. तिथे सरकता हवा. तंगुसावर दोऱ्याची बारीक गाठ, खाली मणी, मग तरंगा, शिसं, गरी. फेकताना तरंगा शिशावर येऊन बसतो. पाण्यात शिसं खाली जातं, तंगूस तरंग्यातून सरकतो आणि गाठ मण्याला भिडली की थांबतो. गाठ वर-खाली केली की खोली बदलली. कोकणात खडकावरून गळ टाकणाऱ्यांना भरती-ओहोटीमुळे हा उपयोगी पडतो. आपल्याकडे धरणाची दारं उघडली की पाणी उतरतं, तेव्हा.

ही गाठ ओली करूनच आवळा. मी एकदा कोरडी आवळली. ती सरकत गेली आणि गरी बुडालेल्या झाडाच्या खोडात रुतली, तंगुसासकट गेली.

कतला वरच्या थरात चरतो, त्यामुळे नुसत्या कतल्यासाठी धरणावरही बांधीव तरंगा चालतो. वारा सुटला की सरकत्याचा तंगूस फुगतो आणि झटका उशिरा पोचतो, हेही लक्षात ठेवा.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष बांबूच. तरंगा वाचायला तोच शिकवतो. रील पुढच्या वर्षी. मात्र कार्बनचा रॉड घेतलात, तर मोटारपंपाच्या तारांखाली उभा धरू नका. त्यातून वीज वाहते. ओल्या बांबूतूनही.

आणि तलाव बहुतेक मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असतात. पाळीवर बसण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारा. पाण्यातलं मत्स्यबीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं.